गोल्डफिश, पाखरं आणि माहितीचा गंध

परवा संकेतस्थळं बनवणाऱ्यांच्या एका प्रशिक्षणात वक्त्यांनी पडद्यावर गोल्डफिशचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, की माणसाचं लक्ष आता जेमतेम आठ सेकंद टिकतं, या माशापेक्षाही कमी. समोरच्यांनी ते लिहून घेतलं. मग ओघाने सल्ले आले: कुठलीही गोष्ट तीन क्लिकच्या आत सापडली पाहिजे, मेनूत सातपेक्षा जास्त नावं नकोत. हे तिन्ही आकडे वर्षानुवर्षं एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले आहेत. ते चुकीचे आहेत, आणि त्यांच्यामुळे खरं शास्त्र झाकलं जातं, म्हणून हा लेख.

त्या आठ सेकंदांमागे कुठलाही धड प्रयोग नाही. एखादं पान डोळ्यांखालून घालून लगेच बंद करणारा माणूसच रात्री दोन वाजेपर्यंत कादंबरी वाचत बसतो. म्हणजे लक्ष आटलेलं नाही. मग संकेतस्थळावरून तो इतक्या लवकर का उठतो? याचं सर्वांत चांगलं उत्तर पाखरांच्या अभ्यासातून आलं.

१९७६ साली एरिक चार्नोव्ह या परिस्थितिकी शास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न गणितात मांडला. पाखरू एका झाडावर अळ्या टिपतंय. सुरुवातीला भराभर मिळतात, मग कमी कमी होत जातात. दुसरं झाड लांब आहे आणि तिथे जायला वेळ मोडतो. या झाडावरून उठायचं केव्हा?

आकडे घालून पाहू. समजा पहिल्या मिनिटाला १० अळ्या मिळतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, चौथ्याला २, पाचव्याला १. दुसरं झाड एका मिनिटावर असेल, तर दोन मिनिटं थांबून उठणं सर्वांत फायद्याचं: प्रवास धरून तीन मिनिटांत १६ अळ्या, म्हणजे मिनिटाला पाचाहून थोड्या जास्त. एक मिनिट कमी थांबा किंवा जास्त थांबा, सरासरी पाचावर येते. आता तेच झाड दहा मिनिटांवर ठेवा. हिशोब पालटतो आणि चार मिनिटं थांबणं किफायतशीर ठरतं. पाखरू तेच, भूक तीच, अळ्याही तेवढ्याच. फक्त पुढचं झाड लांब गेलं आणि मुक्काम दुपटीने वाढला.

पुढच्याच वर्षी, १९७७ साली, रिचर्ड काउई यांनी ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर हे तपासलं. कृत्रिम झाडांना लाकडाच्या भुशाने भरलेली भांडी लावली, भुशात अळ्यांचे तुकडे लपवले आणि भांड्यांवर झाकणं बसवली, काही सैल, काही घट्ट. घट्ट झाकण उघडायला वेळ लागतो, म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने पुढचं भांडं लांब गेलं. अशा वेळी पक्षी हातातलं भांडं जास्त वेळ उकरत बसले.

आता संकेतस्थळाकडे या. शोधयंत्रांनी नेमकं काय केलं? झाकणं सैल केली. पुढचं पान एका टिचकीवर आलं. अशा रानात रेंगाळत बसणारा प्राणी उपाशी राहील. वाचक पटकन उठतो ते मेंदू बिघडल्यामुळे नव्हे, त्याचा हिशोब बरोबर आहे म्हणून.

हा धागा संगणकाशी जोडला पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, १९९० च्या दशकात. त्यांनी त्यात आणखी एक कल्पना घातली, माझी सर्वांत आवडती: माहितीचा गंध. दुव्यावरचे (लिंकवरचे) चार शब्द म्हणजे वाऱ्यावर आलेला वास. आत काय आहे ते न उघडताच ताडायचं असतं. वास पक्का असला की माणूस पुढे जातो, पुसट झाला की घुटमळतो, मागे फिरतो.

यातलं गणित थोडं सावकाश वाचा, ते सुंदर आहे. समजा प्रत्येक पानावर दहा दुवे आहेत आणि तुम्ही चुकून भलत्या पानावर आलात. इथले दहाही दुवे चुकीचे. नावं स्पष्ट असतील, तर चुकीचा दुवा ‘हाच असावा’ असा भुलवण्याची शक्यता ५ टक्के धरू. दहा दुवे, प्रत्येकी ५ टक्के, म्हणजे सरासरी अर्धा दुवा भुलवतो. त्यापुढे त्याच्या अर्धा, मग आणखी अर्धा. १ + ½ + ¼ + … ही बेरीज दोनावर थांबते. एक चूक, दंड दोन पानांचा.

आता नावं जराशी मोघम करा आणि ती शक्यता १५ टक्क्यांवर जाऊ द्या. प्रत्येक चुकीच्या पानातून सरासरी दीड चुकीचं पान फुटतं. पाच पातळ्यांपर्यंत बेरीज होते १३, दहा पातळ्यांपर्यंत ११३. सीमारेषा बरोबर १० टक्क्यांवर आहे. तिच्या अलीकडे चूक आपोआप विझते, पलीकडे ती पसरत जाते. साथीच्या रोगांचं गणित हेच: एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी लोकांना लागण देत असेल तर साथ ओसरते, जास्त लोकांना देत असेल तर भडकते. शंभर पानं अर्थातच कोणी चाळत नाही, माणूस त्याआधीच उठून जातो. पण शब्दांतला एवढासा फरक सगळा शोध कसा कोलमडवतो, ते यातून कळतं.

म्हणून तीन क्लिकचा नियम निरर्थक आहे. प्रत्येक पायरीवर वास तीव्र होत असेल तर सहा क्लिकही कोणाला जड जात नाहीत, आणि ‘सेवा’, ‘सुविधा’, ‘संसाधने’, ‘इतर’ अशी चार नावं शेजारी शेजारी असतील तर पहिल्याच क्लिकला माणूस अडतो. ‘इतर’ या शब्दाला तर कसलाच वास नाही.

साताचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखावरून आला. तो लेख तात्पुरत्या स्मृतीबद्दल आणि माणूस आवाज, चव वगैरेंच्या किती पायऱ्या वेगळ्या ओळखू शकतो याबद्दल होता. मेनू डोळ्यांसमोरच असतो, तो पाठ करायचा नसतो. १९९८ मध्ये केव्हिन लार्सन आणि मेरी झेर्विन्स्की यांनी तीच ५१२ पानं वेगवेगळ्या रचनांत मांडली. आठ-आठ-आठ अशा तीन पातळ्यांत शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. सोळा आणि बत्तीस अशा दोनच, पण रुंद पातळ्यांत लोकांना लवकर सापडलं. माझ्या मते कारण गंधाचंच आहे. फक्त आठ कप्प्यांत सगळं कोंबायचं म्हटलं की कप्प्यांची नावं मोघम होतात.

हे फक्त पडद्यापुरतं नाही. एका मोठ्या रुग्णालयात मी एका आजोबांना ‘रेडिओलॉजी’ अशा ठळक पाटीखाली उभं राहून ‘एक्स-रे कुठे काढतात?’ असं विचारताना पाहिलं. पाटी चांगली मोठी होती, बाणही होता. शब्द मात्र तिथल्या डॉक्टरांचा होता, आजोबांचा नव्हता.

ग्रंथालयांना हे फार आधी उमगलं होतं. एस. आर. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी (१९३१) चौथा आहे: वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात (१९३३) पुस्तकाला एकाच कप्प्यात डांबायचं नसतं. विषय, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ अशा अनेक अंगांनी त्याची ओळख बांधायची असते. आज खरेदीच्या संकेतस्थळावर आपण आकार, रंग आणि किंमत एकदम निवडतो, ती अनेक अंगांनी वर्गीकरण करण्याचीच कल्पना.

तुमच्या हाती एखादं संकेतस्थळ किंवा इमारतीच्या पाट्या असतील तर एक चाचणी करून पाहा. चित्रं, रंग काही नको. नुसती नावं कागदावर उतरवा, शाखा-उपशाखांसह. तिथलं काम कधीच न केलेल्या माणसासमोर कागद ठेवा आणि विचारा, ‘पत्ता बदलायचा असेल तर कुठे जाल?’ त्याला मदत करू नका. त्याचं बोट कागदावरून कसं फिरतं ते बघा आणि ज्या दोन शब्दांमध्ये ते घुटमळतं त्यांच्याखाली रेघ ओढा.