वादळातला दमा आणि ओलीतला दमा

जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान कुणालाही धाप लागली की ठाण्यात निदान घरच्या घरीच होतं: पावसाळी दमा. जुलैत रात्री दोन वाजता काकूंची छाती घुरघुरते, तो पावसाळी दमा. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट होतो आणि आजवर नुसत्या शिंका देणारा शेजारचा मुलगा अर्ध्या तासात श्वासासाठी झगडायला लागतो, तोही पावसाळी दमाच. छातीत घडतं ते सारखंच: श्वासनलिका आकसतात, सुजतात, कफ धरतो. पण चिथावणारी गोष्ट वेगळी, आणि घरात करायचा पहिला उपाय तर थेट उलटा. काकूंसाठी खिडक्या उघडायच्या, मुलासाठी लावून घ्यायच्या.

आधी मुलाचा दमा घेऊ, कारण तो आपल्याकडे कुणी हिशेबातच धरत नाही. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. पुढच्या तीसेक तासांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा तीन हजारांहून जास्त माणसं तिथल्या हॉस्पिटलांच्या तातडीच्या विभागांत पोचली. दहा जण दगावले. यातल्या अनेकांना दम्याचं निदान कधी झालेलंच नव्हतं. त्यांना होती ती परागकणांची ॲलर्जी, म्हणजे गवत फुललं की नाक गळणं आणि डोळे चुरचुरणं. भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त निघालं. ज्यांची मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत त्यांनी हे फोनवर जरूर सांगावं. तिथला धोक्याचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि २०१७ पासून व्हिक्टोरिया राज्य त्या काळात या दम्याचा अंदाज जाहीर करतं.

मेलबर्नचा दोषी म्हणजे रायग्रास नावाचं गवत. त्याचा अख्खा परागकण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असतो. एवढा कण नाकाघशातच अडकतो, त्यामुळे शिंका येतात आणि गोष्ट तिथेच संपते. वादळी ढग तयार होताना वर खेचली जाणारी हवा हे कण सोबत नेते. तिथे त्यांना ओल लागते आणि भिजत घातलेल्या वाटाण्याचं साल फाटावं तसे ते फुटतात. एकेका कणातून शेकडो पिष्टकण सुटतात, तीन मायक्रॉनपेक्षाही लहान, वर ॲलर्जीचं प्रथिन घेऊन. हे मात्र नाकाला चकवून खोल श्वासनलिकांत उतरतात. मग ढगातली गार हवा खाली कोसळते आणि या कणांचा लोंढा घेऊन जमिनीलगत पसरते. म्हणजे पावसाआधी सुटणारा तोच झकास गार वारा, ज्यासाठी आपण चहाचा कप घेऊन गॅलरीत जातो.

ठाण्याला रायग्रासची कुरणं नाहीत. पण येऊरचे उतार, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या इथलं आपलं गवत गणपती-नवरात्राच्या सुमारास फुलोऱ्यावर येतं, आणि परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो तोही त्याच दिवसांत. म्हणून मला मे महिन्यातल्या वळवापेक्षा ऑक्टोबरातल्या सरींची जास्त धास्ती वाटते. मेमध्ये गवत वाळून कोळ झालेलं असतं. १३ मे २०२४ ला मुंबई-ठाण्यावर चाल करून आलं ते धुळीचं वादळ होतं. दमेकऱ्याला धूळही सोसत नाही, पण तो वेगळा मामला. जुलैची संततधार तर यात जवळपास बसतच नाही, कारण गडगडाट क्वचित आणि पराग धुऊन निघालेले.

काकूंचा शत्रू घरातच आहे. जुन्या इमारतीतली पश्चिमेकडची भिंत, तिला टेकवलेलं कपाट. ते एकदा पुढे ओढून बघा: प्लायवर काळे ठिपके, पोपडे धरलेला रंग, कुबट वास, आत टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरट-हिरवी साय. ही बुरशी रोज थोडे थोडे बीजाणू हवेत सोडते. जोडीला गादीतले धूळकिडे. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात, त्यामुळे कोकणपट्टीचा पावसाळा म्हणजे त्यांची चंगळ. त्यात बाहेर वाळत नाहीत म्हणून कपडे हॉलमध्ये दोरीवर. हा त्रास मिनिटांत येत नाही, आठवड्यागणिक चढत जातो, रात्री आणि पहाटे जास्त होतो, आणि चार दिवस कोरड्या गावी राहून आलं की बऱ्याचदा हलका होतो. गळती न काढता भिंतीवर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, ऊन पडलं की खिडक्या सताड उघडा, चादरी कढत पाण्यात धुवा. बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. ओल्या फडक्याने पुसा, आणि ते काम दमेकऱ्याने करू नये.

बुरशीच्या बाबतीत सीमा जरा पुसट आहे, कारण बाहेरच्या आल्टरनेरियासारख्या बुरशींचे बीजाणूही वादळात दमा उसळवतात. दोन्ही प्रकार एकाच माणसाला असू शकतात. अशाने ऑक्टोबरात सकाळी घर मोकळं करावं आणि ढग दाटायला लागले की वारा सुटायच्या आत सगळं बंद करावं. गाडीत असाल तर आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा.

औषधात एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला स्टेरॉइडचा पंप सूज आटोक्यात ठेवतो. ‘सवय लागेल’ म्हणून तो मधेच सोडणारे आणि तात्पुरता आराम देणाऱ्या निळ्या पंपावर भागवणारे वादळात सगळ्यात आधी अडकतात. नुसत्या शिंका येणाऱ्यांनी, विशेषतः रात्री खोकला किंवा घुरघुर असेल तर, सप्टेंबरआधी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी, करून घ्यावी. झटका आलाच तर ऑस्ट्रेलियात शिकवतात ती पद्धत सोपी आहे: माणसाला ताठ बसवा, निळ्या पंपाला स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून लावायची पोकळ नळी) लावून एकेक करत चार पफ द्या, प्रत्येक पफला चार श्वास, मग चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. वाक्य पुरं करता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर चार मिनिटंही थांबू नका, फोन आधी.