मधुमेह : कौटुंबिक इतिहास आणि जनजागृती (नागपूर)

आईवडील किंवा सख्खी भावंडे यांपैकी कोणास मधुमेह असणे, याला वैद्यकात मधुमेहाचा कौटुंबिक इतिहास म्हणतात. नागपुरात मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीपासून पानठेल्यापर्यंत या रोगाला ‘शुगर’ हाच शब्द चालतो.

रोग कुळातून येतो ही कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मधुमेही आईबापांपोटी जन्मलेला प्रमेही (प्रमेह, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांचा रुग्ण) ‘बीजदोषा’मुळे, म्हणजे आईबापांच्या बीजातच असलेल्या दोषामुळे, असाध्य मानला आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे ‘सहज’ (जन्मजात) आणि ‘अपथ्यनिमित्त’ (चुकीच्या आहारविहारातून आलेला) असे दोन भेद येतात. पहिल्यातला रुग्ण कृश, दुसऱ्यातला स्थूल. दोन्ही संहितांवर अनेक हातांचे संस्कार झाल्यामुळे ही वचने नेमकी कोणत्या थरातली, हे ठरवणे कठीण आहे. आजची रूपे साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाली असावीत. ‘सहज’ म्हणजे आजचा प्रकार १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणारा मधुमेह) आणि ‘अपथ्यनिमित्त’ म्हणजे प्रकार २ (इन्सुलिन पुरेसे न पडणारा, नेहमी आढळणारा मधुमेह), असे समीकरण काही आधुनिक भाष्यकार मांडतात. शरीरयष्टीपुरते ते जुळते, बीजदोषापाशी मात्र अडते. प्रकार १ च्या बहुतेक रुग्णांच्या जवळच्या नात्यात तो रोग नसतो. घराण्यात उतरण्याची प्रवृत्ती प्रकार २ मध्येच अधिक दिसते. त्यामुळे हे समीकरण ढोबळच मानलेले बरे.

प्रकार २ मागे एक जनुक नसून अनेक आहेत. त्यांपैकी टीसीएफ७एल२ या जनुकाचा संबंध २००६ मध्ये पुढे आला. शिवाय एका घरात जनुकांबरोबर स्वयंपाकघरही सामायिक असते. मधुमेहाचा धोका गुणांत मोजणाऱ्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात (२००५) एकूण १०० पैकी एका पालकास मधुमेह असल्यास १० आणि दोघांस असल्यास २० गुण मिळतात. कंबरेचा घेर आणि बैठेपणा यांचे मिळून ५० गुण होतात, उरलेले ३० वयाचे. ६० किंवा अधिक गुण म्हणजे मोठी जोखीम. ‘आमच्या खानदानातच आहे’ म्हणून हात टेकणाऱ्यांनी ही बेरीज पाहावी.

महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील पाहणीत (प्रसिद्धी २०१४) मधुमेहाचे नाव ऐकलेले लोक सुमारे ४३ टक्केच भरले. हा आकडा शहरी-ग्रामीण मिळून असल्याने नागपूर शहराला तसाच लावता येत नाही. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन १९९१ पासून पाळला जातो. तिशीपुढील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी-अर्ज भरते, त्यातही कुटुंबाविषयी प्रश्न असतो. ‘घरी कोणाला शुगर?’ यावर ‘मायले होती, पन थोडीशीच’ असे उत्तर आले तर ते ‘हो’ धरायचे. वडील ‘हार्टनं गेले’ असतील, तर त्यांची साखर कधी मोजली होती का, हे वेगळे विचारावे लागते. न मोजलेला मधुमेह ‘नाही’च्या रकान्यात जाऊन बसतो.

विदर्भात ‘आनुवंशिक’ हा शब्द सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा रक्तविकार) या रोगाच्या जागृतीतून घरोघरी पोचला आहे. मध्य भारतातील सिकलसेल वाहकत्वाची (दोनपैकी एकच जनुक सदोष असण्याची) नोंद शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे नियम ठरलेला आहे : दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के. मधुमेहाला असा हिशेब नाही; पण शब्द एकच असल्याने दोन्हींचा अर्थ सारखाच लावला जातो.

दोहोंची गाठ प्रयोगशाळेतही पडते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर विसंबून असते. सिकलसेल रुग्णात या पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून आकडा फसवा कमी येतो. वाहकांमध्ये तो चाचणीच्या पद्धतीनुसार बदलू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामीन (रक्तातील प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची चाचणी) पाहतात.