एन-लिस्ट : महाविद्यालयीन ग्रंथालयातील संशोधन-डेटाबेस

एन-लिस्ट ही भारतातील महाविद्यालयांना वर्गणीची संशोधन-नियतकालिके आणि ई-पुस्तके सामूहिक खरेदीतून उपलब्ध करून देणारी योजना आहे. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते. महाराष्ट्रात वरिष्ठ महाविद्यालयाचा ग्रंथपाल ‘आपल्याकडे ऑनलाइन डेटाबेस आहेत’ असे सांगतो, तेव्हा बहुधा त्याला एन-लिस्टच म्हणायचे असते.

इन्फ्लिबनेटची सुरुवात विद्यापीठ अनुदान आयोगाचा प्रकल्प म्हणून १९९१ मध्ये झाली. आरंभी तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या छत्राखाली होता आणि जून १९९६ मध्ये स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाला. आकाशगंगा मोजणाऱ्यांच्या घरात ग्रंथालयांच्या जाळ्याचा पाळणा हलला, ही गोष्ट पुण्यातही फारशी कोणाला ठाऊक नसते. विद्यापीठांना ई-नियतकालिके मिळू लागली तरी त्यांना संलग्न असलेली महाविद्यालये कोरडीच राहिली होती. पदवीचे बहुतेक विद्यार्थी मात्र याच महाविद्यालयांत शिकतात. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१० मध्ये एन-लिस्ट सुरू झाली. पुढे ती ‘ई-शोधसिंधू’ या सामूहिक खरेदीच्या एकत्रित संघाचा भाग बनली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील २(एफ) व १२(बी) कलमांखाली मान्यता असलेल्या महाविद्यालयांना अनेक वर्षे वार्षिक वर्गणी पाच हजार रुपये अधिक कर एवढीच पडत आली. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागितले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे सौदा किती स्वस्तातला आहे ते कळते. या पैशांत सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि लाखांच्या घरात ई-पुस्तके मिळू लागली. त्यांत जेस्टोर, केंब्रिज व ऑक्सफर्ड विद्यापीठ प्रकाशने, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री आणि मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचा समावेश होता. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, कृषी व व्यवस्थापन महाविद्यालये मात्र योजनेच्या बाहेर ठेवलेली आहेत.

प्रवेशाची रीत सोपी आहे. महाविद्यालय नोंदणी करते, ग्रंथपाल शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची नावे व ई-मेल पत्ते भरतो, प्रत्येकाला वेगळे युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. ग्रंथालयाच्याच संगणकावर बसण्याची गरज नसते. एसटीत बसून मोबाईलवरही लेख उघडतो. अडते ते याच्या अलीकडे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या ई-संसाधनांना गुण असतात, म्हणून वर्गणी वेळेवर भरली जाते, पावती फाइलला लागते आणि विद्यार्थ्यांची नावे भरायची तेवढी राहून जातात. ज्या ग्रंथपालाने प्रवेशाच्या महिन्यातच वर्गावर्गात जाऊन पासवर्ड वाटले, त्याच्याकडचा वापर आणि बाकीच्यांकडचा वापर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी अडचण शोधण्याच्या सवयीची. गूगलला अख्खा प्रश्न विचारला तरी तो काही ना काही हाती देतो. डेटाबेसला बहुधा प्रश्न कळत नाही, शब्द कळतात. ‘महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराची कारणे कोणती?’ असे इंग्रजीत लिहिले तर शून्य लेख येतील किंवा भलतेच हजारो. विषयाचे तुकडे पाडावे लागतात : ऊस, स्थलांतर, महाराष्ट्र. हे तुकडे ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ यांनी जोडायचे. जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज गणितज्ञाच्या नावावरून या पद्धतीला बूलियन शोध म्हणतात. विद्यार्थी इथे हमखास फसतात. बोलताना ‘आणि’ म्हटले की ताट भरत जाते. इथे प्रत्येक ‘अँड’मागे ते रिकामे होत जाते, कारण सगळे शब्द ज्यात आहेत तेवढेच लेख उरतात. ‘ऑर’ने उलट पसारा वाढतो. सलग शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा. शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिले की त्याची सगळी रूपे येतात : ‘मायग्र’ एवढ्या अक्षरांपुढे तारांकन टाकले की मायग्रंट, मायग्रेशन, मायग्रेट सारे सापडते. त्यांच्या पाठोपाठ मायग्रेन, म्हणजे अर्धशिशीही येते. तारांकन कुठे टाकायचे हे म्हणूनच जपून ठरवावे लागते.

विषयातल्या माणसांचा शब्द सापडला तर या सगळ्या कसरतीची गरजच कमी होते. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि इंग्रजीत लिहिणारे संशोधकही तो शब्द तसाच वापरतात. रोमन लिपीत ‘कोयता’ टाकून आलेले मोजके लेख ‘शुगरकेन लेबर’च्या ढिगापेक्षा कितीतरी नेमके असतात.

महाराष्ट्राचा इतिहास शोधणाऱ्याला नावांची गुंतागुंत सोडवावी लागते. पूना १९७८ मध्ये अधिकृतपणे पुणे झाले, बॉम्बे १९९५ मध्ये मुंबई. जुन्या लेखांत जुनीच नावे आहेत, म्हणून दोन्ही ‘ऑर’ने जोडून शोधावे लागते. वसाहतकाळातल्या लेखनात मराठा हा शब्द ‘महरट्टा’ असाही येतो. सर्वांत मोठा घोळ ‘ज्ञ’चा. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘जे-एन’ने सुरू करतो, कोणी मराठी उच्चाराप्रमाणे ‘डी-एन-वाय’ने, तर हिंदीच्या वळणाचा ‘जी-वाय’ने. पाश्चात्त्य अभ्यासक अक्षरांवर रेघा-टिंबे देतात ते निराळेच. एकच रूप टाकून ‘ज्ञानेश्वरीवर काही नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने चारातला एकच दरवाजा ठोठावलेला असतो.

जेस्टोरविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. ग्रंथालयांत जुन्या अंकांना कपाटे पुरेनात म्हणून अमेरिकेत १९९५ मध्ये हा उपक्रम उभा राहिला. त्याचा भर जुन्यावर आहे. पुष्कळ नियतकालिकांचे अगदी अलीकडचे काही वर्षांचे अंक तिथे नसतात आणि दरवर्षी ही मर्यादा एकेक वर्ष पुढे सरकते, म्हणून तिला ‘मूव्हिंग वॉल’ म्हणतात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे १९६६ पासूनचे अंक जेस्टोरवर वाचता येतात, ताजा अंक मात्र साप्ताहिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावा लागतो. १९७२ च्या दुष्काळावर किंवा रोजगार हमीच्या पहिल्या वर्षांवर काम करणाऱ्याला हा खजिना आहे. कालच्या अर्थसंकल्पावर लिहिणाऱ्याने तिथे वेळ घालवू नये.

मराठीतल्या मजकुराचे दुखणे यापेक्षा खोल आहे. वर्गणीच्या परदेशी डेटाबेसांत मराठी नियतकालिके जवळपास नाहीत. मराठीतले संशोधन ऑनलाइन शोधायचे तर खरा आधार शोधगंगेचा. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात देणे आयोगाने २००९ च्या नियमांनी बंधनकारक केले, आणि इन्फ्लिबनेटच्याच या भांडारात आज लाखो प्रबंध कोणालाही, पासवर्डशिवाय, वाचायला खुले आहेत. मराठी प्रबंधांची तिथली अवस्था मात्र शोधणाऱ्याची परीक्षा पाहणारी असते. काही प्रबंध नुसते स्कॅन केलेले, म्हणजे पानांची छायाचित्रेच. काही युनिकोड ही आजची प्रमाण अक्षर-संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले : डोळ्यांना सुबक मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. अशा फाइलीत ‘तुकाराम’ शोधले तर ज्या पानावर तुकाराम दहा वेळा आला आहे तेही निसटते. त्यामुळे इथे आतल्या मजकुरावर न विसंबता शीर्षक, विभाग, विद्यापीठ आणि मार्गदर्शकाचे नाव यांवरून शोधणे शहाणपणाचे. एक चांगला प्रबंध हाती लागला की त्याच्या शेवटची संदर्भसूची हाच पुढचा डेटाबेस. तीत आलेली जुनी मराठी नियतकालिके मग प्रत्यक्ष ग्रंथालयात जाऊनच पाहावी लागतात.

वापराला काही अटीही आहेत. आपला पासवर्ड दुसऱ्याला देता येत नाही. अभ्यासापुरता लेख उतरवून घ्यावा, पण अख्खे अंक एका बैठकीत उतरवणे करारात बसत नाही. प्रकाशकाच्या यंत्रणेला असे उतरवणे लगेच दिसते आणि एकाच्या हावरेपणापायी साऱ्या संस्थेचा प्रवेश थांबू शकतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका. तिचेही काम इन्फ्लिबनेटकडेच आहे. मंजुरीच्या वेळी जाहीर झालेली व्याप्ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था अशी होती. महाराष्ट्रात बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची असल्याने आपले महाविद्यालय कोणत्या यादीत आहे हे ग्रंथपालाला विचारून घेणे बरे.

महाविद्यालय सुटले की खातेही सुटते. त्यानंतर शोधगंगा आणि मुक्त नियतकालिकांची ‘डोआज’ ही निर्देशिका खुल्या राहतात. जेस्टोरवर स्वतःच्या नावाने विनामूल्य खाते काढले तर महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात.