यकृतातले मणी एमआरआयवर कसे दिसू लागले

यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीला बहुतेक रक्त धमनीतून मिळते, निरोगी यकृताला मात्र मुख्यतः आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून. म्हणून गाठीला आतूनच किरणे देणारे बारीक किरणोत्सर्गी मणी धमनीत सोडतात. त्यासाठी वर्षानुवर्षे यट्रियम-90 हा किरणोत्सर्गी धातू चालत आला, पण तो एमआरआयवर दिसत नाही. मणी कुठे जातील याचा अंदाज आधी टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी धातू जोडलेल्या प्रथिनकणांवरून घ्यावा लागतो, आणि हे कण मण्यांच्याच वाटेने जातील याची खात्री नसते.

होल्मियम या दुसऱ्या धातूचे मणी साधारण 30 मायक्रोमीटरचे, पॉलिलॅक्टिक आम्ल या प्लास्टिकचे. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा झाला की त्यातले होल्मियम-165 हे किरणोत्सर्गी होल्मियम-166 बनते. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ, जेमतेम 27 तास. होल्मियम चुंबकाला प्रतिसाद देते. मणी अडकतात तिथला एमआरआयचा संकेत झपाट्याने विझतो आणि राखाडी यकृतावर काळे डाग उमटतात. संकेत किती वेगाने विझला यावरून धातू किती ते कळते, त्यावरून किरणांची मात्रा. यंत्राला दिसतो तो धातू, किरणोत्सर्ग नव्हे. किरणोत्सर्ग ओसरला तरी डाग राहतात.

नेदरलँड्समधल्या पहिल्या मानवी चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. 15 रुग्णांत 20 ग्रेपासून (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे एकक) मात्रा वाढवत नेली आणि संपूर्ण यकृताला सरासरी 60 ग्रे ही मर्यादा ठरली. 2015 मध्ये युरोपात मान्यता मिळाली, तीही ‘उपकरण’ म्हणून.

खरा घोळ या शब्दाचा आहे. रुग्ण आणि नातेवाईक याला औषधच म्हणतात. नियमांचा युक्तिवाद वेगळा: मणी रासायनिक काम करत नाहीत, रक्तवाहिनीत अडकून बसतात आणि तिथून किरणे सोडतात, म्हणजे उपकरण. यट्रियमचे मणीही याच दारातून आत आले. कागदावर हे बरोबर असेल, पण मला पटत नाही. उपकरण म्हटले की ते नीट बनले आहे का आणि सुरक्षित आहे का, यावर भर राहतो. कोणाच्या गाठीला किती ग्रे मिळाले, हा औषधाच्या मात्रेचा प्रश्न मागे पडतो. राळेच्या यट्रियम मण्यांची मात्रा बराच काळ शरीराच्या पृष्ठफळाच्या सूत्राने ठरत होती. त्या माणसाच्या गाठीत प्रत्यक्ष किती मणी पोचतात, हे त्या हिशेबात नव्हतेच. होल्मियममध्ये ते मोजता येते, म्हणून मोजलेच पाहिजे.

अलीकडे नेदरलँड्समध्येच रुग्ण एमआरआय यंत्रात असताना मणी थोडेथोडे सोडून पाहिले गेले: एक भाग सोडायचा, थांबायचे, डाग कुठे उमटले ते पाहायचे, मग पुढचा.