पीसीए की फॅक्टर ॲनालिसिस? विद्यार्थी-सर्वेक्षणातला नेहमीचा घोळ

विद्यार्थ्यांच्या समाधानावरचा किंवा विद्यापीठाच्या दर्जावरचा प्रबंध उघडला की साधारण असं एक वाक्य भेटतं: "प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस आणि व्हेरिमॅक्स रोटेशन वापरून फॅक्टर ॲनालिसिस केलं, पाच फॅक्टर मिळाले." या वाक्यात प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस (पीसीए) आणि फॅक्टर ॲनालिसिस ही दोन निराळी गणितं एकाच ताटात वाढलेली आहेत. दोष सगळा लिहिणाऱ्याचा नाही. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच 'फॅक्टर' मेन्यूखाली बसतात, आणि 'एक्सट्रॅक्शन'च्या खिडकीत हात लावला नाही तर चालतं ते पीसीए.

आपण नक्की काय चालवलं, हे आउटपुटवरून लगेच कळतं. 'कम्युनॅलिटीज'च्या तक्त्यात 'इनिशियल'चा सगळा रकाना १.००० दाखवत असेल आणि पुढच्या तक्त्याचं नाव 'कंपोनंट मॅट्रिक्स' असेल, तर ते पीसीए. नाव 'फॅक्टर मॅट्रिक्स' असेल आणि त्या रकान्यात १ पेक्षा लहान, वेगवेगळे आकडे असतील, तर फॅक्टर ॲनालिसिस.

घोळ तसा जुनाच. शाळकरी मुलांचे वेगवेगळ्या विषयांतले गुण एकत्र वर-खाली का होतात, या प्रश्नातून स्पीअरमन यांनी १९०४ मध्ये फॅक्टरची, म्हणजे थेट न दिसणाऱ्या सामायिक कारणाची, कल्पना मांडली. पीअरसन यांचा १९०१ चा प्रश्न शुद्ध भूमितीचा होता: बिंदूंच्या ढगाला सर्वांत जवळून जाणारी रेषा किंवा प्रतल कोणतं? हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये त्यालाच 'प्रिन्सिपल कंपोनंट्स'चं रूप दिलं, तेही शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच अंगणात वाढल्या.

बाण कुठून कुठे जातो

फरक समजायला गणिताआधी एक प्रश्न पुरतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

'व्याख्यान समजतं', 'शंका विचारायला मोकळीक आहे', 'तपासलेलं काम वेळेत परत मिळतं' या विधानांना विद्यार्थी १ ते ५ मध्ये उत्तर देतो. आपलं गृहीतक असं की शिकवण्याबद्दल त्याचं एक मत आहे, ते थेट दिसत नाही, पण तिन्ही उत्तरांत उतरतं. बाण मताकडून उत्तरांकडे जातो. उत्तरात या मताचा वाटा असतो, शिवाय त्या प्रश्नाचा स्वतःचा वाटा असतो आणि घाईत चुकून मारलेली खूणही असते. फॅक्टर ॲनालिसिस हे भाग वेगळे काढतं आणि फक्त सामायिक भागावर काम करतं.

आता दुसरीकडे बघा. एका विद्यापीठामागे सात आकडे आहेत: दर शिक्षकामागे विद्यार्थी, दर विद्यार्थ्यामागे खर्च, वेळेत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण, वगैरे. त्यांचा एक निर्देशांक हवा. इथे 'दर्जा' नावाचं काही आत बसून ग्रंथालयाचा खर्च ठरवत नाही. आकड्यांची मोळी बांधून आपण त्याला दर्जा म्हणतो. बाण आकड्यांकडून निर्देशांकाकडे जातो. हे पीसीएचं काम: जास्तीत जास्त माहिती राखत सात रकान्यांचे एक-दोन करणं. चूक, स्वतःचा वाटा, सामायिक वाटा असा भेद ते करत नाही. सगळा व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांमधला चढउतार, त्याला सारखाच.

गणितात हा फरक एका जागी दिसतो. सहसंबंधांच्या तक्त्याच्या कर्णावर पीसीए १ ठेवतं. फॅक्टर ॲनालिसिस तिथे कम्युनॅलिटी ठेवतं, म्हणजे तो प्रश्न इतरांशी जेवढं वाटून घेतो तेवढंच.

तीन प्रश्नांवर करून बघू

वरचीच तीन विधानं घ्या. समजा प्रत्येकाचं खरं लोडिंग, म्हणजे फॅक्टरशी असलेला संबंध, ०.५ आहे. म्हणजे प्रत्येक उत्तराचा पाव व्हेरिअन्स शिकवण्याबद्दलच्या मतातून आला, पाऊण भाग इतर. मग कोणत्याही दोन उत्तरांमधला सहसंबंध ०.५ × ०.५ = ०.२५.

हा तक्ता पीसीएला दिला की पहिली आयगेन व्हॅल्यू (पहिल्या कंपोनंटने टिपलेला व्हेरिअन्स) १ + २ × ०.२५ = १.५ येते. ३ पैकी १.५, म्हणून अहवालात छापलं जातं की ५० टक्के व्हेरिअन्स स्पष्ट झाला. लोडिंग ०.५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७१. फॅक्टर ॲनालिसिस त्याच तक्त्यावर २५ टक्के आणि ०.५ सांगतं, जे खरं होतं. याच तीन प्रश्नांचा क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांच्या आपसातल्या सुसंगततेचं माप) काढला तर ०.५० येतो, एवढ्या अल्फावर कुणी मोजपट्टी स्वीकारणार नाही. तरी पीसीएच्या तक्त्यात तिन्ही लोडिंग ०.७ ची रेषा पार करून बसलेली असतात.

प्रश्न २० असते तर पीसीएचं लोडिंग ०.५४ आलं असतं, म्हणजे फरक नगण्य. "दोन्हींनी उत्तर सारखंच येतं" हे ऐकीव वाक्य लांबलचक प्रश्नावलीपुरतं बरंचसं खरं आहे. पण विद्यार्थी-सर्वेक्षणात एका फॅक्टरला तीन-चार प्रश्नच असतात, आणि फुगवटा नेमका तिथेच सर्वाधिक.

फॅक्टर किती, आणि कसे फिरवायचे

'आयगेन व्हॅल्यू १ पेक्षा जास्त' हा नियम सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले २० रकाने आणि २०० विद्यार्थी असा बनावट डेटा तयार करा; केवळ नमुन्याच्या चढउतारामुळे आठ-नऊ आयगेन व्हॅल्यू १ च्या वर जातात आणि पहिली १.६ च्या आसपास पोचते. हॉर्न यांनी १९६५ मध्ये सुचवलेलं पॅरलल ॲनालिसिस हेच करतं: तेवढ्याच आकाराचे यादृच्छिक डेटासंच बनवून, त्यांच्यापेक्षा मोठ्या निघालेल्या आयगेन व्हॅल्यूच मोजायच्या.

रोटेशन म्हणजे लोडिंग वाचायला सोपी व्हावीत म्हणून फॅक्टर फिरवणं; त्यातलं व्हेरिमॅक्स फॅक्टर एकमेकांशी असंबद्ध ठेवतं. शिकवणं आवडलेला विद्यार्थी मूल्यमापनालाही बरे गुण देतो, त्यामुळे हे बंधन विद्यार्थी-डेटाला सहसा शोभत नाही. फॅक्टरांना आपसात जुळू देणारं ऑब्लिमिन किंवा प्रोमॅक्स घ्या, आणि मग 'पॅटर्न मॅट्रिक्स' वाचा. 'स्ट्रक्चर मॅट्रिक्स'मध्ये फॅक्टरांचे आपसातले संबंध मिसळलेले असतात.

एसपीएसएसमध्ये 'एक्सट्रॅक्शन'खाली 'प्रिन्सिपल ॲक्सिस फॅक्टरिंग' किंवा 'मॅक्झिमम लाइकलिहूड' निवडलं की काम झालं. पहिल्याच्या नावातही 'प्रिन्सिपल' आहे. त्यावरून गोंधळू नका, ते फॅक्टर ॲनालिसिसच आहे. कम्युनॅलिटी १ च्या वर जाऊ लागली तर ती हेवूड केस: बहुतेकदा फॅक्टर जास्त मागितलेले असतात किंवा एखाद्या फॅक्टरला दोनच प्रश्न उरलेले असतात. पीसीएत ही तक्रार कधीच येत नाही, म्हणून ते निरोगी वाटतं.

डेटा आधीच बिघडलेला असतो

कोणतीही पद्धत चालवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्याच लागतात. 'लागू नाही'ला ९ किंवा ० असा कोड दिला असेल तर तो गहाळ म्हणून नोंदवा, नाहीतर वसतिगृहात न राहणाऱ्यांचा एक छान वेगळा 'फॅक्टर' जन्माला येईल. सर्व विधानांना सरसकट ४ मारणारे विद्यार्थी शोधा. ते पहिला फॅक्टर फुगवतात. नकारार्थी विधानं उलटी कोड केली तरी बरेचदा आपला स्वतंत्र कंपू करतात. त्या कंपूला 'असमाधान' असं भारदस्त नाव देण्याआधी तो केवळ वाक्यरचनेचा परिणाम आहे का, ते बघा.

गहाळ उत्तरांचा हिशेब वेगळा करा. सेवेचा दर्जा मोजणाऱ्या सर्व्हक्वाल प्रश्नावलीच्या धर्तीवर २२ विधानं असतील आणि प्रत्येकाला इकडेतिकडे फक्त ३ टक्के विद्यार्थी उत्तर देत नसतील, तर सगळी उत्तरं पूर्ण असलेले विद्यार्थी ०.९७ चा २२ वा घात, म्हणजे ५१ टक्केच. एकही उत्तर गहाळ असलेला विद्यार्थी वगळणाऱ्या 'लिस्टवाइज' पर्यायाने अर्धा नमुना गुपचूप गळतो आणि आउटपुटच्या कोपऱ्यातला 'एन', म्हणजे नमुन्याचा आकडा, कुणी बघत नाही.

एकाच वर्गातले विद्यार्थी एकाच शिक्षकाबद्दल बोलत असतात, हेही ध्यानात ठेवा. वर्गांच्या सरासऱ्यांवर काढलेले फॅक्टर आणि वर्गाच्या आतल्या फरकांवर काढलेले फॅक्टर जुळतीलच असं नाही. शिक्षकांची तुलना करायची असेल तर पहिला प्रकार कामाचा. विद्यार्थ्यांची करायची असेल तर दुसरा.

पीसीए जिथे योग्य आहे तिथेही

निर्देशांकासाठी पीसीए वापरताना रकाने प्रमाणित करणं (सगळे एकाच मापावर आणणं) विसरलात, तर खर्चाचा रकाना मोठ्या आकड्यांच्या जोरावर सगळा पहिला कंपोनंट गिळतो. आर या सॉफ्टवेअरमधलं पीसीएचं फंक्शन पीआरकॉम्प हे आपणहून करत नाही. स्केलचा पर्याय सांगावा लागतो. चिन्हही तपासा, कारण कंपोनंटची दिशा मनमानी असते: संपूर्ण निर्देशांक उलटा निघाला तर सर्वांत कमकुवत विद्यापीठ यादीत पहिलं येतं.

त्याहून कपटी प्रकार भाराचा, म्हणजे निर्देशांकात प्रत्येक रकान्याला मिळणाऱ्या वजनाचा. सातपैकी चार आकडे संशोधनाचे असतील तर ते आपसात जुळतात आणि पहिला कंपोनंट संशोधनाचाच होतो. पीसीए 'महत्त्वाच्या' नव्हे, एकमेकांशी जुळणाऱ्या रकान्यांना भार देतं. प्रतिविद्यार्थी आकड्यांऐवजी एकूण आकडे घातले तर पहिला कंपोनंट निव्वळ आकारमान मोजतो, आणि मोठी विद्यापीठं वर जातात.

दरवर्षी नव्या डेटावर पीसीए नव्याने चालवलं की भारही बदलतात. ज्या विद्यापीठात काडीही हलली नाही तेही चार जागा खाली घसरतं, आणि त्याचं कारण इतरांच्या रकान्यांतल्या सहसंबंधात असतं. म्हणून एका पायाभूत वर्षाचे भार, सरासऱ्या आणि प्रमाण विचलनं गोठवून ठेवायची आणि पुढच्या वर्षांचे आकडे त्याच मापाने मोजायचे. विद्यापीठं पन्नास-साठच असतील तर बूटस्ट्रॅप करून (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून) प्रत्येक भार किती डोलतो ते बघावं. मधल्या फळीतले क्रम बहुतेक वेळा एवढे डोलतात की सव्विसावं आणि एकतिसावं यांत फरक सांगता येत नाही.