बेवारस टगबोटी : छायाचित्रण आणि बुडण्याचा माग

मोठ्या जहाजांना ओढून किंवा ढकलून धक्क्याला लावणारी बुटकी, दणकट बोट म्हणजे टगबोट, बोलीत नुसते टग. १८०३ साली स्कॉटलंडच्या फोर्थ-क्लाइड कालव्यात ‘शार्लट डंडस’ या वाफेच्या बोटीने दोन बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) ओढून दाखवले, तेव्हापासून हा धंदा यंत्रावर आला. मोडीत निघालेले टग खाडीच्या चिखलात किंवा पडक्या धक्क्याला तसेच सोडून दिले जातात. त्यांची छायाचित्रे घेणे आणि ते कशाने बुडाले हे शोधणे, हा छंद आणि अभ्यास यांच्या मधला उद्योग आहे.

जुनी बोट वादळात बुडते अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात पडून राहिलेली बोट बहुधा शांत पाण्यात, दोरखंडाला बांधलेली असतानाच तळाशी जाते. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर पंचवीस मिलिमीटर व्यासाचे भोक असेल, तर त्यातून सुरुवातीला मिनिटाला साधारण ७५ ते ८० लिटर पाणी आत येते. त्याच वेगाने ते येत राहिले तर दिवसाचे शंभर टनांवर जाते. एवढे भोक पडायला खडकावर आदळावे लागत नाही. इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा रबरी होज कुजला किंवा त्याचा क्लॅम्प गंजून तुटला, की पुरते.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट (दांडा) मागच्या टोकाला बोटीच्या अंगातून बाहेर पडतो तिथली, पाणी अडवणारी ग्लँड. तिच्यात ग्रीस मुरवलेल्या दोरीचे वेटोळे ठासलेले असते. शाफ्ट फिरताना तिथून थोडे थेंब गळायलाच हवेत, नाहीतर ती तापते. चालत्या बोटीवर इंजिनवाला नट थोडा आवळतो, विषय संपतो. वर्षानुवर्षे उभ्या बोटीत दोरी वाळते, थेंबांची धार होते आणि नट आवळायला कोणी नसते. पाणी उपसणारा बिल्ज पंप बॅटरीवर चालतो आणि बॅटरी धक्क्यावरच्या विजेवर. वीज तोडली गेली की पंप काही दिवसच तग धरतो. बुडाल्याची तारीख सगळे विचारतात. वीज कधी तोडली हे फारसे कोणी विचारत नाही, आणि उत्तर पुष्कळदा तिथेच असते.

पोलाद सर्वात लवकर खंगते ते पाणी आणि हवा आळीपाळीने लागणाऱ्या पट्ट्यात. शिवाय कांस्याचा पंखा आणि पोलादी अंग खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन पोलाद झिजते. ते टळावे म्हणून अंगावर जस्ताचे ठोकळे बसवतात. पोलादाऐवजी ते झिजतात, पण ठरावीक काळाने बदलावे लागतात. बेवारस बोटीचे ठोकळे कोण बदलणार? जाडी मोजायला आज अल्ट्रासॉनिक यंत्र आहे, तरी जहाजांची तपासणी करणारा अनुभवी सर्वेअर आधी हातोडीच मारतो. चांगला पत्रा खणखणतो, खंगलेला भदभदतो. पातळ जागेवर दुसऱ्या पत्र्याचे ठिगळ वेल्ड केले असेल तर ठिगळ टिकते आणि त्याच्या कडेचा जुना पत्रा फुटतो. लाकडी बोटींची कथा निराळी. टेरेडो हा अळीसारखा दिसणारा, पण शिंपल्यांच्या कुळातला प्राणी फळी आतून पोखरतो आणि बाहेरून सुईच्या टोकाएवढेच छिद्र दिसते.

टगला आणखी एक जन्मजात अडचण आहे. त्याच्या पोटातली बरीचशी जागा इंजिनखोलीच व्यापते आणि मागचा डेक पाण्यापासून फार उंच नसतो. इंजिनखोलीत पाणी साचले की ते कलत्या बाजूला धावते आणि कल वाढवते. डेकची कड पाण्याखाली गेली की दारे, हवेची तोंडे आणि रबर नसलेली झाकणे यांतून पाणी लोंढ्याने शिरते. गळती आठवडे चालते, शेवटचा टप्पा काही मिनिटांचा असतो. ओहोटीला तळ चिखलात रुतला असेल तर भरतीला बोट वर उचलली जात नाही आणि पाणी सरळ डेकवर चढते. फार आखूड बांधलेल्या दोरखंडानेही तेच होते.

काम करताना टग बुडतो त्याची कारणे वेगळी. ओढणारा दोर आडवा ताणला गेला की टग क्षणात कलंडतो. डिसेंबर २००७ मध्ये क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ असाच उलटला आणि तीन खलाशी गेले.

छायाचित्रकाराचा खरा उपयोग इथे होतो. गंजाचे रंग ढगाळ उजेडात उत्तम उठतात आणि लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी मारतो, हे कोणीही सांगेल. पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे एकाच जागेवरून, ओहोटीला आणि भरतीला, महिन्यामहिन्यांनी घेतलेले फोटो. कॅमेऱ्याचे घड्याळ भरतीच्या कोष्टकाशी जुळवून घेतलेले. एक खूण तर जवळून बघण्यासारखी आहे. बोटीच्या अंगावर रंगवलेली जलरेषा आणि शेवाळाची रेषा समांतर असेल तर बोट अखेरपर्यंत नीट तरंगत होती. शेवाळ मागच्या बाजूला रंगाच्या वर चढत गेले असेल तर ती बुडण्याआधी बराच काळ मागून खाली बसत होती, म्हणजे संशय ग्लँडवर जातो. नांगराची साखळी जाण्याच्या भोकाखालचे गंजाचे ओघळ तिरपे असले तर कल जुना आहे. एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढणारे फोटो घेतले तर संगणकावर बोटीचे त्रिमितीय प्रतिरूप करता येते आणि कल अंशात मोजता येतो.

अशा जागांत न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळची आर्थर किल ही सामुद्रधुनी सर्वात प्रसिद्ध. तिथल्या भंगारवाड्यात टगांसोबत १९०३ सालची ‘अब्राम एस. ह्युइट’ ही अग्निशमन बोटही आली. मेरीलंडमधल्या मॅलोज बे इथे पहिल्या महायुद्धासाठी बांधलेल्या शंभरावर लाकडी जहाजांचे सांगाडे आहेत. २०१९ मध्ये तो भाग राष्ट्रीय सागरी अभयारण्य झाला. इंग्लंडमधील पर्टन इथल्या बोटी मात्र टाकून दिलेल्या नव्हेत. सेव्हर्न नदीचा काठ खचू नये म्हणून १९०९ पासून त्या मुद्दाम चढवल्या गेल्या.

टग बेवारस होण्यामागे हिशेब साधा असतो: अॅस्बेस्टॉस आणि तेल काढून, ओढून नेऊन तोडण्याचा खर्च भंगाराच्या किमतीला पुरून उरतो. बुडीत जहाजे काढण्याचा २००७ चा नैरोबी करार २०१५ मध्ये लागू झाला, पण त्यातली विमासक्ती ३०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या जागेचे माप) आणि त्यावरच्या जहाजांना आहे. जुने बंदर-टग बहुधा त्याहून लहान. शिवाय एखाद्या देशाने स्वतःहून स्वीकारल्याशिवाय करार त्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याला लागूच होत नाही.

आत शिरण्याचा मोह आवरलेलाच बरा. डेकचा पत्रा पायाखाली फुटतो हा उघड धोका. छुपा धोका असा की बंद खोलीत गंज चढताना हवेतला प्राणवायू संपतो, आणि अशा हवेला ना वेगळा वास असतो ना रंग. सप्टेंबर २००७ मध्ये ‘व्हायकिंग आयला’ या चालू, देखभाल होत असलेल्या बचावनौकेच्या साखळीखोलीत याच कारणाने तीन खलाशी मरण पावले.