हॉकिन्स, पीटर

हॉकिन्स, पीटर : (३ एप्रिल १९२४ – ८ जुलै २००६). ब्रिटिश नट व आवाजाचे कलावंत. बीबीसीच्या बालकार्यक्रमांतील बाहुल्या, ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतील डॅलेक (यंत्रकवचात राहणारे परग्रहवासी) व सायबरमॅन (अर्धयांत्रिक मानव) ही खलपात्रे आणि ‘कॅप्टन पगवॉश’ या बालमालिकेतील खलाशी ही त्यांची प्रमुख कामे. जन्म दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन येथे. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. २३ ऑक्टोबर १९४३ रोजी ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ ‘लिंबोर्न’ या विनाशिकेवर जर्मन टॉर्पेडो आदळला, त्यात ते जखमी झाले. युद्धानंतर त्यांनी सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा येथे नाट्यशिक्षण घेतले.

१९५० मध्ये सुरू झालेल्या ‘व्हर्लिगिग’ कार्यक्रमातील मिस्टर टर्निप या कळसूत्री बाहुलीला त्यांनी आवाज दिला. १९५२ च्या अखेरीस आलेल्या ‘फ्लॉवर पॉट मेन’मधील बिल व बेन या बाहुल्यांसाठी त्यांनी बोबड्या बडबडीची एक स्वतंत्र भाषाच उभी केली. तीतील ‘फ्लॉबाडॉब’ हा उद्गार नेमका कोठून आला, यावर मतभेद आहेत. न्हाणीतल्या पाण्यात मुलांनी काढलेल्या बुडबुड्यांच्या आवाजावरून तो सुचला, अशी एक आख्यायिका आहे. तो ‘फ्लॉवरपॉट’ (कुंडी) या शब्दाचाच बोबडा उच्चार होय, असे हॉकिन्स यांच्या कुटुंबाकडून सांगितले जाते. हे दुसरे मत अधिक सरळ वाटते.

डॅलेकच्या आवाजाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. २१ डिसेंबर १९६३ च्या भागाअखेरीस डॅलेकचा केवळ पुढे आलेला दांडा दिसला. आवाज ऐकू आला तो पुढच्या आठवड्यात, २८ डिसेंबरला. हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम हे दोघे नट ध्वनिक्षेपकापुढे बोलत आणि यंत्राच्या आत बसलेले चालक त्या तालावर हालचाल करीत. ध्वनिप्रक्रिया बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगशाळेतील ब्रायन हॉजसन यांची होती. काही लेखक सारे श्रेय रिंग मॉड्युलेटर या उपकरणाला देतात, काही एकट्या हॉकिन्स यांना. ग्रॅहम यांनी ती तुटक, टप्प्याटप्प्याने चढणारी बोलण्याची ढब दोघांनी मिळून बसवली, असे सांगितले आहे.

उपकरणाचे कार्य पाहिले म्हणजे यातील बरेचसे उलगडते. रिंग मॉड्युलेटर नटाच्या आवाजाचा एका मंद विद्युत्-लहरीशी गुणाकार करतो. डॅलेकसाठी ही लहर साधारण ३० हर्ट्झची (सेकंदाला ३० आवर्तनांची) धरली जाते. आवाजात २०० हर्ट्झचा घटक असेल, तर तो दबून त्याच्या जागी १७० व २३० हर्ट्झचे दोन घटक उमटतात. त्यामुळे मूळ स्वराची ओळख पुसली जाते आणि खरखरीत कंप येतो. मात्र ३० हर्ट्झच्या एका आवर्तनाला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. अक्षर झटकन उच्चारले, तर त्यात थोडीच आवर्तने बसतात व कंप नीट उठून दिसत नाही. म्हणून स्वर लांबवणे, प्रत्येक अक्षर सुटे तोडणे आणि पट्टी जवळजवळ एकच ठेवणे हे नटाला करावेच लागते. साध्या बोलण्यावर हेच उपकरण लावले, तर केवळ बिघडलेल्या रेडिओसारखे ऐकू येते. तेव्हा यंत्राने पोत दिला आणि उच्चारांची घडण नटांनी केली, असे मानणे योग्य ठरेल. त्यात ग्रॅहम यांचा वाटा कमी लेखण्याचे कारण नाही. १९६५ व १९६६ च्या दोन डॅलेक चित्रपटांतही या दोघांचे आवाज आहेत.

सायबरमॅनचे प्रथमदर्शन १९६६ चे. त्या वेळी हॉकिन्स व रॉय स्केल्टन यांनी हेलकावे घेणारी, चुकीच्या अक्षरांवर जोर देणारी बोली वापरली. १९६७ पासून पद्धत बदलली. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना बोलण्यासाठी देतात तशा जातीचे, पण दातांच्या पट्टीवर बसवलेले ध्वनिसाधन हॉकिन्स तोंडात धरीत. कंठातून आवाज न काढता, त्या यंत्राच्या गुंजारवाला ते जीभ व ओठांनी शब्दांचा आकार देत. नटाच्या दृष्टीने हे काम डॅलेकपेक्षा अवघड होते. त्याची चर्चा मात्र फारच कमी झाली आहे.

जॉन रायन यांच्या ‘कॅप्टन पगवॉश’मध्ये (१९५७ पासून, रंगीत मालिका १९७४–७५) पुठ्ठ्याच्या आकृत्या तरफांनी हलवल्या जात आणि कप्तानापासून त्याच्या वैऱ्यापर्यंत सारे आवाज हॉकिन्स यांचे असत. पात्रांची नावे अश्लील होती, ही पुढे पसरलेली अफवा निराधार आहे. १९९१ मध्ये रायन यांनी वृत्तपत्रांना तसा खुलासा छापायला लावला. ‘रेनबो’ या बालकार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात (१९७२) झिपी या बाहुलीचा आवाज हॉकिन्स यांचा होता, नंतर तो स्केल्टन यांच्याकडे गेला. ‘सुपरटेड’चे निवेदन, ‘फॅमिली-नेस’ व ‘जिम्बो अँड द जेट-सेट’ ही १९८० च्या दशकातील बालचित्रमालिकांची कामे. १९९२ मध्ये ते निवृत्त झाले. पुत्र सायलस हॉकिन्स हेही याच व्यवसायात आले.